आपोलेना आणि बांधलेला डोंगर

आमच्या कालेनोवमध्ये ऑगस्टच्या चोवीस तारखेला डोंगर बांधतात. वाइनच्या तळघरांची गल्ली संपते आणि द्राक्षमळ्यांची वाट चढायला लागते, त्या जागी साल सोललेला एक उंच खांब रोवायचा, त्याच्या टोकाला काटेरी फांद्या आणि औषधी पाल्याची जुडी बांधायची, पाद्रीबाबांनी पाणी शिंपडायचं, बंदुकीचे तीन बार उडवायचे, की झालं. त्या घटकेपासून सुगीपर्यंत वर कुणी पाऊल टाकायचं नाही. ज्याची वेल त्यानंसुद्धा नाही. कारभारी असो, पाद्री असो, वरच्या गढीतला जहागीरदार असो, सगळे खांबाच्या अलीकडे. वर राहतो तो एकटा राखणदार. त्याला एक खोपी, आणि भोरड्यांचे थवे उठवायला एक लांब आसूड. आणि खांब पडेपर्यंत त्यानं खाली उतरायचं नाही. हे कागदावर कुठे लिहिलेलं नाही, म्हणूनच कुणी मोडत नाही.

आपोलेना तोमशीकोवाचा नवरा फ्लोरिआन बावीस वर्षं हा राखणदार होता.

मी लग्न होऊन शहरातून इथे आले तेव्हा आमच्या घराला लागून त्यांचं घर. माझे यजमान शाळामास्तर, म्हणून आपोलेना मला पहिल्या दिवसापासून ‘मास्तरीणबाई’ म्हणायची; मी तिला मावशी. ठेंगणी, रुंद हाडाची बाई. आई गढीत धुणं धुवायची, बाप कुणाच्या तरी मळ्यात रोजावर. एकोणिसाव्या वर्षी, वयानं बऱ्याच मोठ्या फ्लोरिआनशी लग्न झालं ते मे महिन्यात, आणि ऑगस्टात तो वर गेला. “नवरा कसा आहे हे समजायला लागलं तोवर डोंगर बांधला,” असं ती हसून सांगायची.

रोज दुपारी ती टोपली घेऊन खांबापर्यंत जायची. खांबाशेजारी शिवेचा दगड आहे, गुडघ्याएवढा. त्यावर टोपली ठेवायची आणि चार पावलं मागे सरून उभं राहायचं. तो उतरून यायचा, दगडापलीकडे उभा राहून खायचा, दोघं घरचं बोलायची, मग रिकामी टोपली दगडावर परत. बावीस वर्षांत एकदाही त्या दगडापलीकडे तिचा पाय पडला नाही. आणि संध्याकाळी तो डोंगरावरून आसूड वाजवायचा. दोन लागोपाठ, मग थोडं थांबून एक. म्हणजे सगळं ठीक. ते ऐकल्याशिवाय ती चूल पेटवायची नाही.

एक गोष्ट तिनं मला फक्त एकदाच सांगितली, मटार सोलताना, मान वर न करता. त्यांची तेरेज़्का पाच वर्षांची असताना सप्टेंबरात तिचा घसा धरला. आपोलेनानं दगडापाशी जाऊन सांगितलं. फ्लोरिआन म्हणाला, “श्वास घेतेय ना?” ती म्हणाली, घेतेय. तो वर वेलींकडे बघत म्हणाला, “डोंगर टाकून कसा येऊ गं?” ती परत आली. दुसऱ्या दिवशी तिनं जाऊन सांगितलं, की आता घेत नाही. पोर पुरली तेव्हा बाप वर होता. त्या संध्याकाळीही आसूड वाजला, म्हणाली, पण एकच, आणि फार उशिरा.

“तुम्हाला राग नाही आला मावशी?”

“कुणाचा? तो उतरला असता तर आख्ख्या गावानं त्याला थुंकून मारलं असतं. आणि पहिली मी.”

फ्लोरिआननं साठी ओलांडली आणि तो विसरायला लागला. आधी नावं विसरला, मग वाटा. एकदा चौकातल्या कमानींखाली सकाळभर फिरत राहिला, घर कुठल्या बाजूला ते आठवेना. राखणदारी इग्नात्स ब्लाहाकडे गेली. इग्नात्स तिशीचा, दणकट, जरा फुशारकी मारणारा. पण फ्लोरिआनला डोंगराचा नियम मात्र विसरता आला नव्हता. त्यानंतरच्या दोन्ही वर्षी तो ऑगस्टानंतर भटकत खांबापर्यंत जायचा, टोपी काढायचा, “बांधलाय,” म्हणायचा आणि आपणहून मागे फिरायचा. त्यामुळे आपोलेनाला नदीची भीती वाटायची, रेल्वेच्या रुळांची वाटायची, डोंगराची नाही.

ही पस्तीस सालची गोष्ट. सप्टेंबरची सतरा तारीख, मंगळवार. आम्ही दोघी तिच्या अंगणात आलुबुखार आटवत होतो. मोठी काहील, खाली लाकडं, आणि लांब दांड्याच्या लाकडी उलथण्यानं सकाळपासून संध्याकाळपर्यंत घाटत राहायचं. हात थांबला की तळाला लागतं आणि वर्षभराचा गोडवा करपतो. फ्लोरिआन बाकावर बसून काटक्या मोडत होता. मी घाटत होते, ती लाकडं सारत होती. मग ती घाटायला लागली आणि मी वाऱ्यानं उडालेला कपडा उचलायला वळले. एवढंच. बाकावर काटक्या होत्या. माणूस नव्हता.

“परसात असेल,” ती म्हणाली. हात चालूच.

परसात नव्हता. गल्लीत नव्हता. तिनं उलथणं माझ्या हातात दिलं आणि गेली. मी वेड्यासारखी घाटत राहिले. नंतर पुष्कळदा वाटलं, त्या वेळी ती काहील ओतून दिली असती आणि दोघी दोन बाजूंना पळालो असतो तर? पण बाईच्या जातीला उकळतं सोडून पळणं शिकवलेलं नसतं.

दुपारपर्यंत सगळं गाव बाहेर पडलं. कालेनोवच्या माणसांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण त्या दिवशी कुणी घरात बसलं नाही. आगीच्या बंबवाल्यांनी गिरणीचा पाट लांब काठ्यांनी ढवळला. पोरं वेशीच्या बुरुजात, गढीच्या मोडक्या तटात, ज्यूंच्या जुन्या दफनभूमीत हाका मारत फिरली. एकूणएक तळघर उघडून कंदील धरून पाहिलं. स्टेशनमास्तरानं दोन्हीकडे तारा केल्या. नदीकाठच्या लव्हाळ्यात माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरली. डोंगराकडे कुणी गेलं नाही. गेलं नाही म्हणजे टाळलं असं नव्हे. मनातच आलं नाही कुणाच्या. माझ्याही नाही. बांधलेला डोंगर शोधायची जागा नसते. तिथे कुणी नसतंच.

बुधवारी पाऊस. झिरझिर, गार. आपोलेना नदीकाठी फिरत होती. परकराच्या घेराला चिखलाचा वीतभर थर. मी तिला दोन घास खायला ओढत होते तर म्हणाली, “त्याला एकाच पायात बूट आहे, मास्तरीणबाई. दुसरा बाकाखाली सापडला.” एवढंच बोलली, आणि पुन्हा दुपारी तेच. त्या बुटाशिवाय दुसरा विषय नव्हता तिला.

त्या दोन्ही दिवशी डोंगरावर आसूड वाजत होता. सगळ्यांनी ऐकला. सप्टेंबरात आसूड वाजणारच, त्याकडे कोण लक्ष देतो?

गुरुवारी सकाळी पाऊस थांबला. कारभारी काश्पर शिमाचेक म्हणाले, निदान इग्नात्सला विचारू, वरून त्याला रस्ते दिसतात, कुणी जाताना पाहिलं असेल. काश्पर म्हणजे डोंगराचे कारभारी. सत्तरीचे, सगळ्या मळेवाल्यांनी निवडलेले, खांब रोवायचा आणि पाडायचा अधिकार त्यांचा. आम्ही खांबापाशी गेलो. काश्पर, आपोलेना, मी, आणि मागून फिलोमेना, जिच्या घरच्या सर्वांत जास्त वेली. इग्नात्स दगडापलीकडे उभा राहून पाव आणि लोणच्याची काकडी खात होता. आसूड गळ्यात.

“नाही पाहिलं मावशी,” तो म्हणाला. “आणि इथून तर कुणी वर चढलेलं नाही. मांजर गेलं तरी मला कळतं.”

“इथून कोण म्हणतंय?” आपोलेना म्हणाली. “नदीकडे जाताना—”

आणि वर आसूड कडाडला.

इग्नात्सचा घास तोंडात तसाच. आसूड त्याच्या गळ्यात, आणि आवाज डोंगरावर. पुन्हा वाजला. मग थांबला. मग एक.

मी आपोलेनाकडे पाहिलं. तिचा चेहरा मला वर्णन करून सांगता येणार नाही.

“इग्नात्स,” ती हळूच म्हणाली, “तू इथे आहेस. मग वर कोण आहे?”

“तो... तो पलीकडच्या गावचा राखणदार असतो. माथ्यावरून आवाज येतो. दोन दिवस ऐकतोय मी, मला वाटलं—”

“दोन दिवस?”

“मावशी, मला वाटलं—”

“दोन दिवस तो वर मला सांगतोय, सगळं ठीक आहे म्हणून. आणि मी लव्हाळ्यात फिरतेय.”

असं म्हणून तिनं परकर उचलला आणि दगड ओलांडला. काश्पर ओरडले, “आपोलेना! डोंगर बांधलाय!” फिलोमेनानं छातीवर क्रूस केला. ती मागे वळली नाही. इग्नात्स तिच्यामागे धावला. पुढचं मला दोघांकडून वेगवेगळं कळलं, पण जुळलं.

डोंगराच्या मागच्या अंगाला एक जुना पट्टा आहे, बोकडमाथा म्हणतात. रोग पडून तिथल्या वेली उपटल्या, नुसते दगडी बांध उरले, एकावर एक, उंच. इग्नात्स तिकडे फिरकत नसे. वेलच नाही तर राखायचं काय? पण फ्लोरिआनच्या डोक्यात तिथे अजून वेली होत्या, आणि तो पुन्हा राखणदार झाला होता; मागच्या अंगानंच चढला असावा. तो सर्वांत वरच्या बांधावर उभा होता. हातात बांधाच्या खबदाडीत कधीकाळी ठेवलेला त्याचा जुना आसूड. एक पाय अनवाणी, फाटलेला, काळा पडलेला. ओठ फुटलेले. दोन दिवस तो भरलेल्या मळ्यातून फिरत होता आणि त्यानं एक मणी तोंडात टाकला नव्हता. राखणदार खात नाही.

“कोण ते?” तो ओरडला. “खाली व्हा! डोंगर बांधलाय!”

“फ्लोरिआन, मी. आपोलेना.”

“खोटं बोलू नका बाई. आपोलेना दगड ओलांडत नाही. बावीस वर्षांत आली नाही, पोर आजारी होती तेव्हा आली नाही. तुम्ही कोण आहात? कुणाची द्राक्षं चोरताय?”

इग्नात्स पुढे झाला तर गालावर आसूड बसला. ती पुढे झाली तर तिच्या पायापाशी मातीत. तो मागे मागे सरकत होता आणि मागे बांधाची कड होती, खाली दोन पुरुष खोल. ती थांबली. आणि मग जे तिला कळलं ते तिनं तिथल्या तिथे केलं. वळली, उतरली, घरी आली, पाव कापला, चरबी लावली, उकडलेले दोन बटाटे, मीठ, टोपली भरली आणि जाऊन दगडावर ठेवली. चार पावलं मागे सरून उभी राहिली. आम्हाला सगळ्यांना तिनं तळघरांच्या आड घालवलं.

तासाभरानं तो आला. लंगडत, एक हात बांधाला लावून. खाली बसून खाल्लं. घशात काहीतरी घरघरत होतं ते आम्हाला तळघरांआडही ऐकू येत होतं.

“उशीर केलास,” तो म्हणाला.

“पाव भाजायला वेळ लागला.”

“कुणीतरी बाई शिरली होती वर. तुझं नाव सांगत होती.”

“हो का?”

“हाकलली.”

“बरं केलंस,” ती म्हणाली. “फ्लोरिआन, तुला खोकला झालाय. खाली चल ना. आजचा दिवस.”

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती काहीतरी घाण बोलली. “डोंगर टाकून?”

त्याच वेळी बंबवाल्यांपैकी दोघांना शहाणपण सुचलं. तळघराआडून धावले, त्याला धरायला. त्यांचा हेतू चांगलाच होता. तो उठला, ओरडत वर पळाला, पडला, उठला, पुन्हा पळाला. रानडुकरासारखा त्याच्या श्वासाचा आवाज. त्यानंतर तो दगडापाशी आला नाही. संध्याकाळी टोपली होती तशी. आसूड मात्र वाजला. दोन आणि एक.

शुक्रवारी सकाळी ती काश्परच्या घरी गेली. मी बरोबर होते.

“कारभारी, डोंगर सोडा.”

काश्परनी चष्मा काढला. “डोक्यावर परिणाम झालाय का तुझ्या? द्राक्षं अजून आंबट आहेत. चौदा दिवस आहेत सुगीला.”

“डोंगर सुटल्याशिवाय तो उतरणार नाही. त्याला चौदा दिवस नाहीत.”

“चार माणसं पाठवतो. दोरी घेऊन.”

“पाठवली होती ना काल. बांधावरून उडी टाकेल तो. कारभारी, तुम्ही स्वतः जाऊन हुकूम दिलात तरी ऐकायचा नाही. बांधल्यावर तुम्हीही परकेच की त्याला. त्याला तुम्हीच तसं शिकवलंत.”

“खांब पडला की ज्याला त्याला तोडायचा हक्क. चार हावरट शिरले तर सगळ्यांना शिरावं लागेल. गावाचं वर्षाचं पीक जाईल, बाई. एका—”

“म्हणा की. एका वेड्यासाठी.”

ती पुढे म्हणाली, “माझी पोर गेली त्या सप्टेंबरात तुमचे वडील कारभारी होते. मी तेव्हा त्यांच्या दारात आले नव्हते. माझा नवरा अर्ध्या दिवसासाठी द्या, असं म्हटलं नव्हतं. आता म्हणते.”

काश्परनी चष्मा पुसून पुन्हा लावला. शेवटी म्हणाले, “सगळी घरं कबूल झाली पाहिजेत. त्र्याऐंशी घरं. एकही पान तोडणार नाही अशी शपथ. एक जरी नाही म्हणालं तरी मला खांबाला हात लावता येणार नाही.”

दोन दिवस ती दारोदार फिरली. जिनं उभ्या जन्मात कुणाकडे विरजण मागितलं नव्हतं, ती. बहुतेकांनी दारातच होकार दिला. काही बायांनी तिला धरून रडून घेतलं, आणि ती त्यांच्या खांद्यावरून पुढच्या घराकडे बघत उभी. काहींनी वाद घातले. एक म्हातारा म्हणाला, “वर्षात दोनदा बांधलेला डोंगर गारा आणतो.” ती म्हणाली, “गारा आल्या तर माझ्या नावानं शिव्या द्या, पण आत्ता हो म्हणा.” हो म्हणाला. शनिवारी दुपारी उरलं फिलोमेनाचं घर.

फिलोमेनानं तिला बसा म्हटलं नाही. “तू दगड ओलांडलास, मी डोळ्यांनी पाहिलं. दंड भरायचा तर उलट डोंगर सोडा म्हणतेस?”

“भरेन.”

“एवढी वर्षं तुझ्या नवऱ्यानं आमच्या पोरांना एका मण्यासाठी फोडून काढलं. माझ्या धाकट्याच्या पाठीवर अजून वळ आहे.”

“आहे. मी पाहिलाय. तेल मीच लावलं होतं त्याला.”

बाहेर, डोंगरावर, आसूड वाजला. वेळेच्या फार आधी. एक. आम्ही दुसऱ्याची वाट पाहिली. दुसरा आला नाही.

आपोलेना खाली बसली. फरशीवरच. तिचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. फिलोमेनानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग चिडूनच म्हणाली, “ऊठ गं, ऊठ. माझ्या घरात कशाला बसतेस अशी? सोडा म्हणावं कारभाऱ्यांना डोंगर. पण संध्याकाळच्या आत परत बांधायचा. रात्रभर उघडा नाही राहणार. आणि बांधायचा तो बारांसकट, रीतीनं. नुसता खांब उभा करून डोंगर बांधला जात नाही.”

रविवारी प्रार्थनेनंतर सगळं गाव खांबापाशी जमलं. सुगीला असतं तसं, फक्त कुणाच्या पाठीवर टोपलं नव्हतं आणि कुणी बोलत नव्हतं. घंटा वाजली. काश्परनी टोपी काढली, आठ माणसांनी खांब आडवा केला. मग वाट पाहणं. इतकी माणसं, आणि एक पोर खोकलं तरी दचकायला होत होतं. आपोलेना दगडाच्या अलीकडे, चार पावलं मागे. आता खरं तर तिला जायला मुभा होती. गेली नाही. “त्यानंच उतरलं पाहिजे,” म्हणाली. “मी वर दिसले तर पुन्हा चोरच ठरेन.”

पाऊण तास गेला. इग्नात्सनं दोनदा विचारलं, “जाऊ का?” तिनं मान हलवली. नाही.

मग तो दिसला. बसत, उठत, कधी वेलींच्या खुंटांना धरून. लोकांनी वाट दिली. कुणी हात लावला नाही. तो काश्परपुढे येऊन उभा राहिला, टोपीला हात नेला, टोपी नव्हती, तरी काढल्यासारखं केलं आणि म्हणाला, “डोंगर सुखरूप आहे. तुमचा तुमच्या हवाली.”

काश्परनी रीतीप्रमाणे वाइनचा पेला पुढे केला. फ्लोरिआननं एक घोट घेतला, बाकीचा जमिनीवर ओतला आणि वळून पाहिलं. “आपोलेना,” म्हणाला, “चल घरी. पाय दुखतोय गं.”

मला वाटलं, संपलं. तिलाही वाटलं असावं, कारण घरापर्यंत ती त्याला जवळजवळ उचलून घेऊन आली आणि चालता चालता काहीतरी भराभर बोलत होती, कोंबड्यांचं, आलुबुखाराचं, काहीही. आम्ही त्याला अंथरुणावर घातलं. तिनं पाय धुतला. डॉक्टर आले, छातीला कान लावला, दाराबाहेर येऊन मला म्हणाले, दोन्हीकडे भरलंय, गरम ठेवा. तो शुद्धीवर होता, तिला नावानं हाक मारत होता. दोन चमचे सूप घेतलं. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, “तेरेज़्का कुठाय? घसा बरा आहे का तिचा?”

आपोलेनाच्या हातातला चमचा थांबला. “बरा आहे,” ती म्हणाली. “झोपलीय.”

“मी येणार होतो गं,” तो म्हणाला. “त्याच दिवशी येणार होतो.”

“माहीत आहे मला.”

तो झोपला. ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि माझं मनगट घट्ट धरलं. “मास्तरीणबाई, पळा. काश्परला सांगा, बार नको. बार ऐकले की त्याला वाटेल डोंगर बांधला. पुन्हा वर जायला निघेल. खांब रोवा, पाणी शिंपडा, पण बार नको.”

मी धावले. खांब उभा राहत होता. काश्परनी ऐकून घेतलं आणि मळेवाल्यांकडे पाहिलं. त्र्याऐंशी घरांपैकी निम्म्यांनी माना खाली घातल्या. फिलोमेना म्हणाली, “मी शब्द दिला तो या अटीवर.” दुसरं कुणीतरी म्हणालं, बारांशिवाय बांधलेला डोंगर म्हणजे कडी न लावलेलं दार. काश्परनी मला विचारलं, “झोपलाय ना तो? मग लवकर उरकतो.” ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी बंदुकीत दारू निम्मीच भरायला सांगितली.

मी परत धावले. आम्ही खिडकीवर रजया टांगल्या, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. आपोलेना त्याच्या उशाशी बसली आणि तिनं आपले दोन्ही तळवे त्याच्या कानांवर ठेवले.

पहिला बार झाला. त्याची पापणी हलली. दुसरा. तिसऱ्याला त्यानं डोळे उघडले, तिचे हात बाजूला केले आणि उठून बसला. कुठून बळ आलं देव जाणे. पाय खाली सोडले. “बांधला,” म्हणाला. “माझा बूट?”

“फ्लोरिआन, झोप. आज नाही.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मी त्याच्या डोळ्यांतून ती जाताना पाहिली. दिवा मालवावा तशी. “बाई,” तो अदबीनं म्हणाला, “वर माणूस नाही. मला जाऊ द्या.”

ती दारापाशी जाऊन पाठ लावून उभी राहिली.

“बाई, तुम्हाला माहीत नसेल. मी राखणदार आहे. घरी माझी बायको आहे, तिला विचारा. ती मला कधी अडवत नाही.”

ती हलली नाही. त्यानं विनवण्या केल्या. मग रडला, लहान मुलासारखा, लाज न वाटता. मग तिच्या अंगावर मुठी आपटल्या. त्या मुठींत काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, “मावशी, दोन पावलं अंगणात तरी...” तिनं नुसती मान हलवली. शेवटी तो दाराशीच, तिच्या पायांपाशी बसला, भिंतीला टेकून, आणि दिवेलागणीपर्यंत तिथून उठला नाही. रात्री ताप चढला. आम्ही दोघींनी उचलून अंथरुणावर नेलं तेव्हा तो माझे आभार मानत होता, तिचे नाही.

सहा दिवस काढले त्यानं. तिच्या हातून पाणी घ्यायचा, पण परक्या घरचा पाहुणा घेतो तसं. तिला ‘बाई’ म्हणायचा. मला दोनदा विचारलं, “या बाईंनी मला का कोंडलंय?” अठ्ठावीस तारखेला, संत वेन्सेस्लासच्या सणाला, गावात घंटा वाजत असताना गेला. शेवटपर्यंत तिचं नाव घेतलं नाही.

लोकांनी पुष्कळ बोलून घेतलं. कुणी म्हणालं, बार उडवायला नको होते. कुणी म्हणालं, सोडला असता वर तर समाधानानं मेला असता. म्हाताऱ्याचं मन मोडलं तिनं. हे तिच्या कानावर आलं असणार. चार ऑक्टोबरला खरी सुगी लागली, तेव्हा ती माझ्या ओट्यावर बसली होती, हातात काही काम न घेता, आणि तसं मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. गल्लीतून टोपली घेऊन लोक चालले होते, तिच्याकडे बघून आवाज खाली आणत होते.

“खरं आहे ते म्हणतात ते,” ती म्हणाली. “दार उघडलं असतं तर त्यानं मला ओळखलं असतं. जाता जाता म्हणाला असता, येतो आपोलेना. मला माहीत होतं, मास्तरीणबाई. तिथे उभी असताना माहीत होतं.”

ती माझ्याकडे वळली.

“नाही उघडलं. एकदा तरी तो घरात हवा होता मला.”